तुकारामाचा पूल आणि एप्रिलमधली सही

अमेरिकेच्या दक्षिण भागातील ज्या सनातनी ख्रिस्ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी तालिकाकार म्हणून काम करतो, तेथे दर एप्रिलमध्ये नव्या वर्षाच्या करारासोबत श्रद्धापत्रकाची प्रत येते आणि प्राध्यापकापासून गवत कापणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला तिच्यावर सही करावी लागते. बायबल मूळ हस्तलिखितांत निर्दोष आहे, तारण केवळ ख्रिस्तावरील विश्वासाने मिळते, अशी त्यातली कलमे. शिवाय दारू आणि तंबाखू वर्ज्य. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने धार्मिक संस्थांना स्वधर्मीयांनाच नोकरीवर ठेवण्याची मुभा दिलेली असल्यामुळे यात बेकायदा काही नाही. मी नगरच्या ख्रिस्ती घरात वाढलेला असल्याने मला ती कलमे कधी जड गेली नाहीत. (दारूपुरते बोलायचे, तर आमच्या आजीचे नियम याहून कडक होते.)

एका फेब्रुवारीत, महाराष्ट्रात काम केलेल्या एका दिवंगत मिशनरी बाईंच्या कुटुंबाने कागदपत्रांची चार खोकी ग्रंथालयाला दिली. मराठी वाचणारा मी एकटाच, म्हणून ती माझ्याकडे आली. 'ज्ञानोदय' या मराठी ख्रिस्ती नियतकालिकाचे सुटे अंक आणि 'उपासना संगीत' या गीतपुस्तकाची पाने सुटलेली प्रत यांच्या तळाशी पुठ्ठ्याची एक वही होती. तिच्या डाव्या पानावर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे अभंग होते, उजव्या पानावर तुकारामाचे, आणि समासात बाईंनी शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात इंग्रजी अर्थ लिहिला होता.

बुधवारच्या कर्मचारी प्रार्थनेत दोन शब्द बोलण्याची पाळी माझी होती, तेव्हा मी या वहीविषयी बोललो. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारला, एवढेच मी सांगितले. शुक्रवारी डीनच्या कार्यालयातून बोलावणे आले.

तक्रार कोणी केली ते मला आजही माहीत नाही. मात्र २०१५ च्या डिसेंबरात व्हीटन कॉलेज या आमच्यासारख्याच ख्रिस्ती संस्थेने प्राध्यापिका लॅरिशिया हॉकिन्स यांना, ख्रिस्ती आणि मुसलमान एकाच देवाची उपासना करतात असे लिहिल्यावर रजेवर पाठवले होते आणि पुढच्या फेब्रुवारीत त्या तेथून गेल्या होत्या, हे आमच्यासारख्या संस्थांतल्या प्रत्येक नोकरदाराला पाठ असते. मी तर एच-वन-बी या नोकरीला बांधलेल्या व्हिसावर होतो. नोकरी गेली की दुसरी शोधायला किंवा देश सोडायला हातात जास्तीत जास्त साठ दिवस.

डीननी दार लावले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रथम प्रार्थना केली. येथे प्रत्येक बैठक अशीच सुरू होते, त्यामुळे समोरचा कानउघाडणी करणार की विचारपूस, याचा अंदाज अखेरपर्यंत येत नाही. मग त्यांनी विचारले, "तो पूल ओलांडला नाही, त्यावरच एखादा थांबला, तर त्याचे तारण होते असे तुम्ही मानता का?" प्रश्न सरळ होता आणि त्यात खोडसाळपणा नव्हता. मी म्हणालो की टिळक थांबले नाहीत, आणि माझी श्रद्धा पत्रकात आहे तीच आहे. पण ज्या पुलावरून माणूस आला तो पाडून टाकावा, असे माझ्या घरी कोणी शिकवले नाही. ते बराच वेळ गप्प होते. शेवटी त्यांनी अर्ध्या पानाचे लेखी स्पष्टीकरण मागितले आणि पुन्हा प्रार्थना केली. तिच्यात माझ्या आईचे नाव घेतले. ती आजारी असल्याचे मी वर्षापूर्वी त्यांना कधीतरी बोललो होतो. राग धरायला मला जागाच उरली नाही, आणि याचाच मला अधिक राग आला.

स्पष्टीकरण मी त्याच रात्री लिहिले. ते माझ्या फाइलला लागले, आणि एप्रिलमध्ये मी नेहमीप्रमाणे सही केली. वहीची नोंद त्याआधीच पूर्ण झाली होती. तिच्यात विषय म्हणून मराठी ख्रिस्ती भक्तिगीते आणि तुकाराम, अशी दोन्ही शीर्षके मी घातली आहेत. दुसरे काढायला मला कोणी सांगितले नाही, आणि मीही विचारायला गेलो नाही.