रोजनिशी : शास्त्रवाचनाची सोबत

वेंगुर्ला, ८ जुलै

आज दिवसभर पावसाने उसंत दिली नाही आणि रेंजही अधूनमधून जात राहिली, त्यामुळे बहुतेक विद्यार्थ्यांची उत्तरे रात्री एकदमच आली. बायबल अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवरून मार्गदर्शन करण्याची ही सेवा मी शाळेतून निवृत्त झाल्यावर पत्करली. विद्यार्थी स्वतःहून नाव नोंदवतो, धडा वाचून प्रश्नांची उत्तरे पाठवतो आणि त्या उत्तरांवर त्याच्याशी बोलणे हे माझे काम असते. नाव न नोंदवलेल्या कोणाला आपण होऊन संदेश पाठवायचा नाही, हा नियम मला मनापासून पटतो.

सध्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १३ वा अध्याय चालू आहे. १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी असल्याने मालवणकडच्या एका तरुणाला वाचायला सवड मिळते. जाळ्याच्या दाखल्यावर, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेवर, त्याने आज लेखी उत्तराऐवजी लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला आणि त्यात रापण कशी ओढतात ते सविस्तर सांगितले : होडी जाळे सोडत अर्धवर्तुळ घेते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, वाडीतली माणसे ते दोन्हीकडून ओढतात, आणि ओढताना आत बांगडा आला की टाकाऊ केंड मासा हे कोणी पाहत बसत नाही, कारण निवड नंतर वाळूवर होते. दाखल्यातही जाळे भरल्यावर किनाऱ्याला ओढले जाते आणि मग माणसे बसून चांगले ते भांड्यांत भरतात. एवढे सांगून तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘‘बाई, मग मी माझ्या भावाला आत्ताच टाकाऊ ठरवून कसा मोकळा झालो?’’

ह्या प्रश्नाचे उत्तर मी लिहिले नाही. त्याच अध्यायातील २४ ते ३० ही वचने, म्हणजे गव्हातील निदणाचा (तणाचा) दाखला, पुन्हा वाचायला सांगितली, कारण कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्यावे ही धन्याची आज्ञा त्याची त्यालाच सापडली पाहिजे. जे शिकणाऱ्याने स्वतः वचनातून शोधलेले असते, ते त्याच्याजवळ राहते. मी तयार करून दिलेले उत्तर तो फार तर पुढे फॉरवर्ड करील.

काही विद्यार्थी मध्येच गप्प होतात. एकदा विचारपूस करावी, पुन्हा पुन्हा मागे लागू नये, असे माझे मत आहे. आपल्या कोकणातल्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले कवी ना. वा. टिळक यांना नवा करार आगगाडीतील एका सहप्रवाशाने दिला होता. ती भेट प्रवासापुरतीच होती. पण टिळक वाचत वाचत येशूच्या पर्वतावरील प्रवचनापर्यंत आले, त्यातून त्यांचा पाय निघेना, आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वाचणाऱ्याच्या मनात पुढे काय घडेल ते देवाच्या हाती सोडावे लागते.

आजचा अवघड संदेश मात्र रत्नागिरीला नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीचा होता. तिची आई आजारी आहे आणि एवढी प्रार्थना करूनही उतार का पडत नाही, असे तिने विचारले आहे. आई बरी होईलच, असे वचन मी तिला देणार नाही. ते देण्याचा मला अधिकार नाही. बायबलमधील दुःखाने खचलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत, आणि मला वाटते त्यांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट तीच. परंतु फोनवर असे शेजारी बसता येत नाही. निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तर आले नाही, तर दुःखातल्या माणसाला आपण टाकले गेलो असेच वाटते. म्हणून झोपण्यापूर्वी तिला दोन ओळी लिहिणार आहे आणि सोबत स्तोत्र १३ पाठवणार आहे. केवळ सहा वचनांचे ते स्तोत्र ‘किती काळ?’ ह्याच तक्रारीने सुरू होते, म्हणजे असे विचारल्याने विश्वास कमी ठरत नाही हे तिला दिसेल. उद्या आधी आईची तब्येत विचारीन. धड्याचे तिला जमेल तेव्हा.