आंबील ओढ्यावर, पोरांबरोबर

अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा विषय असतो आणि त्यासाठी प्रकल्पवही लिहावी लागते. आमच्या गटातली मुलं या वह्या आणतात तेव्हा मी त्या पानन् पान वाचते. ओझोनचा थर, वितळणारे हिमनग, ॲमेझॉनचं जंगल. मेहनतीने लिहिलेलं असतं. पण लिहिणारा मुलगा पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत राहतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढा फुटून वाहिला, तेव्हा हा शाळकरी पोरगा आईबरोबर शेजारच्यांच्या माळ्यावर बसून होता. दप्तर, गॅस, धान्याचा डबा, सगळं गेलं. त्या रात्रीबद्दल वहीत एक ओळ नाही. ते प्रकल्पात लिहायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. निर्णय मोलाचाच होता, त्यामुळे विषय वर्गात आला. मला मात्र वर्षानुवर्षं वस्तीतल्या मुलांबरोबर काम करून असं ठाम वाटतं, की पोरांना आधी त्यांच्या दारातलं पाणी शिकू द्यावं. हिमनग नंतर येतीलच.

म्हणून आम्ही ओढ्यावर जातो. सुरुवात कात्रजच्या तलावांपासून करतो. पेशवाईत इथूनच नळ टाकून थेट शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं होतं, आणि आज सारसबाग आहे तिथे तळं होतं, तेही या ओढ्याच्याच पाण्याचं. हे ऐकल्यावर पोरांची मान जरा ताठ होते. ज्याला सगळे ‘नाला’ म्हणतात त्याच्या काठी राहायचं आणि शाळेत पत्ता सांगताना आवाज खाली आणायचा, ही त्यांची रोजची सवय. तिथून खाली पद्मावती, अरण्येश्वर, मग दांडेकर पूल, दत्तवाडी आणि शेवटी मुठा. एका दमात नाही चालत. प्रत्येक टप्प्यावर बाटली भरायची, तारीख-वेळ लिहायची, वास कसा आहे ते लिहायचं, काठावर कोण दिसलं ते लिहायचं.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची चाचणी पोरांना सगळ्यात जास्त आवडते. काचेची बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची आणि बूच असं बसवायचं की आत एकही बुडबुडा राहता कामा नये. मग एका द्रावणाचे थेंब, त्यावर दुसऱ्याचे. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढराच राहतो. पुढे आम्ल घालायचं (ते माझ्या हातून, हातमोजे घालून), स्टार्चने निळा रंग आणायचा आणि शेवटचं द्रावण थेंब-थेंब सोडत तो निळा रंग नाहीसा होईपर्यंत मोजत राहायचं. वापरलेलं सगळं वेगळ्या कॅनमध्ये भरून परत आणायचं, ओढ्यात एक थेंब टाकायचा नाही, हा नियम पोरंच एकमेकांना बजावतात.

अंघोळीला योग्य पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असं आपलं सरकारी मानक सांगतं. डोंगराच्या अंगाला, पावसाळ्यात, साका छान तपकिरी येतो. वस्तीजवळच्या बाटलीत तो ताकासारखा पांढरा बसला, तेव्हा नववीतली एक मुलगी बाटली डोळ्यांसमोर धरून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “ताई, मग यात मासे जगणार कसे?” गाळात लाल अळ्या मात्र ढिगाने होत्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल दिसतात आणि म्हणूनच एवढ्या कमी प्राणवायूत तगतात. काठावर लांब गुलाबी पायांचे शेकाटे चरत होते. दिसायला देखणा पक्षी, पण त्यांची एवढी गर्दी का झालीय हे त्या अळ्यांकडे बघूनच पोरांना उमगलं. हे मी व्याख्यानात सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुणाला आठवलंही नसतं.

यानंतर खरा प्रश्न येतो. वर तपकिरी आणि खाली पांढरा, तर मधे काय झालं? वस्तीतल्या मुलांनी आजवर ऐकलेलं उत्तर एकच: तुम्ही कचरा टाकता. दर ५ जूनला कुणीतरी येऊन त्यांना शपथ देऊन जातं. घंटागाडी त्यांच्या बोळात वळू शकत नाही, हे शपथ देणाऱ्याला ठाऊक नसतं. मुलांनी टप्प्याटप्प्याने बाटल्या भरत मागे जायला सुरुवात केली, तेव्हा काठावरचे मोठमोठे पाइप दिसू लागले. वस्तीच्या पुष्कळ वर, चांगल्या चांगल्या इमारतींच्या मागून थेट ओढ्यात येणारे. एका सोसायटीच्या फाटकावर दोघं जण चौकशीला गेली, “तुमचं सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा चालू आहे का?” त्यांना आत घेतलं नाही, वर “कुठून आलात?” असा प्रश्न मिळाला. मला त्याचा फार राग आला. वस्तीत कचरा टाकतात हे खरं आहे, आणि त्यावर मुलं कामही करतात. पण ओढा घाण झाल्याचा सगळा दोष सगळ्यात खालच्या टोकाला राहणाऱ्यांच्या पोरांच्या डोक्यावर ठेवून त्याला पर्यावरण शिक्षण म्हणायचं, हे मला मुळीच पटत नाही.

कचऱ्याचं शिकायचं होतं तेव्हा मी बाहेरचा तज्ज्ञ बोलावला नाही. गटातल्या एकीची आई कचरावेचक आहे, ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेत काम करते. तिने जमिनीवर पोतं रिकामं केलं आणि काय विकलं जातं, कशाला भाव नाही, हे हाताने वेगळं करून दाखवलं. दुधाच्या पिशव्या जातात, पुठ्ठा जातो, काच-पत्रा जातो. वेफर्सची ती आतून चंदेरी पाकिटं कुणी भंगारवाला घेत नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. आईला अशी शिकवताना बघून त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे आलं, त्यासाठी मी हे काम आणखी खूप वर्षं करीन.

भिंतीवर आम्ही नकाशा लावलाय. आंबील ओढा मुठेला, मुठा संगमावर मुळेला, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला, भीमा उजनीत. उजनीचं पाणी सोलापूर पितं. पुढे पंढरपूर. एका मुलाची आज्जी दरवर्षी वारीला जाते. त्याने घरी जाऊन तिला सांगितलं, की चंद्रभागेत आपल्याकडचंही पाणी येतं. आज्जी म्हणाली, “नदी सगळं पोटात घेते, बाळा.” तो म्हणाला, “घेते, पण तिला श्वास पुरत नाही.” दोघांचं चांगलंच वाजलं म्हणे. पुढच्या बैठकीला आज्जी स्वतः आली, बाटली हातात घेऊन साका बघितला आणि आपल्या लहानपणी भीमेच्या काठी कोणते मासे मिळायचे ते सांगत बसली. पोरांनी ते सगळं लिहून घेतलंय.

अडचणी आहेत. मुलींच्या घरून “पोरीला नाल्यात कशाला नेता?” असं विचारतात, तेव्हा मी आईलाच बरोबर चला म्हणते, आणि काही जणी येतातही. सतरा-अठराची मुलं कामाला लागतात, रविवारची सकाळ म्हणजे त्यांची रोजंदारी. आता मोठी झालेली, गटाची फेरी स्वतः नेणारी मुलं आहेत. त्यांना मानधन द्यायलाच हवं. देणगीदार रोपं आणि टोप्या यांना पैसे सहज देतात, या पोरांच्या वेळेला देताना विचारात पडतात. शिकवणं हे काम आहे आणि कामाचे पैसे होतात, एवढं साधं आहे ते.

पाऊस सुरू झाला की कात्रजपासून पुन्हा बाटल्या भरायच्या आहेत. ओढ्याच्या वरच्या अंगाला कुणी राहत असेल आणि आपल्या सोसायटीतली सांडपाण्याची यंत्रणा मुलांना दाखवायची तयारी असेल, तर जरूर कळवा. बंद पडलेली असली तरी चालेल. पोरं वही-पेन घेऊन येतील, फाटकाशी नाव लिहितील. त्यांना फक्त आत घ्या.