तुम्ही विचारलंत म्हणून: बॉर्डर ओलांडताना काय वाटतं?

पांढरकवड्यात बोलेरो उभी केली की कोणी ना कोणी विचारतंच, "भाऊ, नेपाळले गाडीनं गेलते म्हणे. बॉर्डरवर कसं वाटते?" एकदा लिहूनच टाकतो.

आम्ही केळापूर तालुक्यातले. पैनगंगेचा पूल ओलांडला की आदिलाबाद जिल्हा, अन् दुकानांवर तेलुगू पाट्या. देश तोच, पण ओ की ठो वाचता येत नाही. इथेच ही गत, तर परदेशात काय होईल? ही धाकधूक जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर करत नेपाळ बॉर्डरवरच्या सोनौलीपर्यंत वाढतच गेली. साल २०२२, दिवाळी नुकतीच झालेली. सोबत मामाजी, सोयाबीन विकून निघालेले.

बॉर्डरच्या कमानीआधी सशस्त्र सीमा बलाच्या जवानानं एमएच २९ कडे पाहिलं. "ये कहाँ का नंबर है?" यवतमाळ म्हटलं, तर त्याच्या चेहऱ्यावर काहीच नाही. तेव्हा पोटात जो गोळा आला ना, तुम्ही विचारता ते हेच.

भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही. गाडीला मात्र भन्सार लागतो, म्हणजे जकातीची पावती. जितके दिवस, तितके पैसे. आमचं आरसी बुक नेमकं तुरीच्या डाळीच्या पिशवीखाली. अर्धं सामान रस्त्यावर काढलं. (डाळ कशाला नेली, हे घरच्यांना विचारा.) पावती हातात आली तर तारखेत साल २०७९! विक्रम संवत चालतं तिथे. घड्याळही आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे.

कमानीखालून गाडी काढताना मी श्वास रोखून होतो. पलीकडे तोच धुरळा, तशाच टपऱ्या, गाड्याही डावीकडूनच. मामाजी हिरमुसले. "हे तं आपल्यासारखंच दिसून राहिलं बे."

तेवढ्यात पुढे ट्रक आला. मामाजींना इंग्रजी येत नाही; आपल्या बोलेरोचा नंबर त्यांना पाठ आहे, वाचता येत नाही. ट्रकच्या पाटीवर मात्र चक्क आपली अक्षरं होती, आकडेसुद्धा. मामाजी डॅशबोर्डला धरून पुढे वाकले. "लु... एक... ख... अबे, हे तं वाचता येते!"

बुटवल येईपर्यंत ते दिसेल त्या गाडीचा नंबर मोठ्यानं वाचत होते.