गेरिट की गिटहब? आधी रिव्ह्यूची पद्धत ठरवा

गेरिट आणि गिटहब या दोन्हींवर गिटमधला कोड ठेवून त्याचा रिव्ह्यू, म्हणजे इतरांकडून बदलांची तपासणी, करता येतो. रेपो (कोडचा संग्रह) कुठेही ठेवता येतो, तो हलवणंही सोपं. गिट क्लोनमध्ये (रेपोच्या प्रतीत) कोड आणि इतिहास येतो. इश्यू (नोंदवलेल्या अडचणी), रिव्ह्यूमधल्या चर्चा येत नाहीत. खरी अडचण तिथे.

गेरिटमध्ये एक कमिट (गिटमध्ये नोंदवलेला टप्पा) म्हणजे एक बदल. सुधारणा करायची तर नवा कमिट जोडायचा नाही, जुनाच अमेंड (दुरुस्त) करून पुन्हा पुश करायचा, म्हणजे सर्व्हरवर पाठवायचा. मग दोन पॅचसेटमधला (त्याच बदलाच्या आवृत्त्यांमधला) नेमका फरक दिसतो. नवखे अडकतात ते चेंज-आयडीवर, म्हणजे बदल ओळखणाऱ्या ओळीवर. कमिट-मेसेजचा हुक (ती ओळ आपोआप जोडणारी स्क्रिप्ट) बसवला नसेल तर ती ओळ संदेशात येत नाही आणि सर्व्हर सहसा पुश नाकारतो. हुक बसवून कमिट अमेंड केला की काम होतं. आणि हो, रिव्ह्यूच्या मतांमध्ये दोन +१ (ठीक वाटतं) मिळून +२ (मंजुरी) होत नाही!

गिटहबवर फोर्क, ब्रांच, पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण रिव्ह्यू चालू असताना रिबेस करून फोर्स-पुश केलं, म्हणजे कमिट नव्याने रचून जुन्यांच्या जागी ढकलले, की जुन्या टिपण्या बऱ्याचदा 'आउटडेटेड' होतात. एकमेकांवर रचलेले पाच-सहा बदल तपासायचे तर गेरिटच बरं.

साधन बंदही पडू शकतं: फॅब्रिकेटर या रिव्ह्यूच्या साधनाची देखभाल २०२१ मध्ये थांबली आणि एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाला २०२३ मध्ये गिटहबच्या पुल रिक्वेस्टवर यावं लागलं. स्वतःचा सर्व्हर नको, व्यापारी कंपनीही नको, तर फोर्जेयो या मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारं, कोड ठेवण्याचं कोडबर्ग पाहा.