आजारानं वाढलेलं ताट

'जेन एअर'मधल्या लोवुडच्या शाळेत मुलींना पोटभर जेवण मिळतं ते साथ आल्यावर. शार्लट ब्राँटेनं १८४७ सालच्या या इंग्रजी कादंबरीत हे लिहिलं, तेही आवाज न चढवता. आधी करपलेली लापशी, अर्धपोटी अभ्यास, अंगावर काढलेली सर्दीपडशी. मग मे उजाडण्याआधीच टायफसचा ताप शिरतो आणि ८० पैकी ४५ मुली एकाच वेळी अंथरूण धरतात. ज्या धडधाकट त्यांची मात्र चंगळ! शिक्षिका रोग्यांत गुंतलेल्या, दिवसभर रान मोकळं. खाणारी तोंडं कमी, म्हणून वाटे मोठे. चिडखोर कोठीवाली साथीच्या भीतीनं पळालेली. नवीला शाळेची रीत ठाऊक नाही, म्हणून ती सैल हातानं वाढते.

भाची तालुक्याला वसतिगृहात असते. साहेब तपासणीला येणार असले की वरणात डाळ दिसते, असं तीच सांगते. उन्हाळ्याच्या सुट्टीत कूलरपुढं लोळत तिला हा भाग सांगितला. "मंग बिमारी आली थे बरंच झालं की, मावशी!" म्हणाली आणि लगेच जीभ चावली. लेखिकेला वाचक नेमका तिथंच हवा असतो. घास गोड लागावा, आणि तो कुणाच्या वाट्याचा हे मागाहून आठवावं.

नायिका जेनची मैत्रीण हेलन त्याच दिवसांत जाते, पण टायफसनं नाही, क्षयानं. ब्राँटेच्या दोन थोरल्या बहिणी, मारिया आणि एलिझाबेथ, कोवन ब्रिजच्या शाळेतून आजारी होऊन घरी आल्या आणि १८२५ साली क्षयानंच गेल्या. हे कळल्यावर तो शांत सूर जास्तच बोचतो.

शाळेचा कर्ताधर्ता ब्रोकलहर्स्ट मुलींचे केस कापायला सांगत असतो, तेवढ्यात त्याची बायको-मुली मखमल-रेशमात आत येतात. हा टोला मला जरा ढोबळ वाटतो. खरी मेख साथीनंतर आहे. चौकशी होते, घाण पाणी, निकस जेवण सगळं बाहेर येतं. नवी इमारत, नवे नियम, समिती. आणि ब्रोकलहर्स्ट? पैसेवाला, वजनदार घराण्यातला. खजिनदारपद त्याच्याकडेच राहतं.

"अन् त्याले काढलं नाही?" भाचीचा जीव वरखाली.

ओसरीवरून भाऊजी म्हणाले, "संस्था त्याचीच हाये ना. कोन काढन त्याले?"