नाना, जोड कुठंय?

मी कलमं बांधतो, म्हणजे कोयीच्या रोपावर, त्याला आम्ही खुंट म्हणतो, चांगल्या जातीच्या झाडाची काडी जोडतो. नाशिकजवळच्या एका नर्सरीत कामाला आहे, पावसाळ्यात दिवसभर कलमं आणि बाकी वर्षभर लोकांच्या बागा बघायला जायचं, असं आमचं काम. हल्ली गंगापूर धरणाच्या मागे, गिरणारे, हरसूल रोड या बाजूला शहरातल्या लोकांनी एकर-दीड एकर घेऊन घर बांधलंय आणि भोवती फळझाडं लावलीत, मला हे मनापासून आवडतं, पण या बागांना विचारणारं कोणी नसतं हो. द्राक्षवाल्याच्या बांधावर औषधवाला येतो, सल्लागार येतो, व्यापारी येतो, आणि घरच्या तीस-चाळीस आंब्यांकडे कोण बघणार? मालक रविवारी येतो, झाडं हिरवी दिसली की खूश होऊन जातो.

जुलैची गोष्ट. नानांचा फोन आला. नाना म्हणजे रिटायर्ड मास्तर, गिरणाऱ्याच्या पुढे त्यांची जमीन, दोन वर्षांपूर्वी चाळीस केसर लावलेत, शिवाय चिकू, पेरू, लिंबू, सीताफळ असं घरापुरतं. रोपं आमच्याकडची नव्हती, पण त्याने काय फरक पडतो. म्हणाले, "अरे, निम्मी झाडं एक नंबर चालू राहिलीत, माझ्या डोक्याच्या वर गेली, पण निम्मी सुस्तावलीत. एकदा येऊन बघ आणि सुस्तांना काय टॉनिक द्यायचं ते लिहून दे." मी म्हटलं येतो.

पोचलो तेव्हा भुरभुर चालू होती. काकूंनी चहा दिला आणि नाना मला थेट त्यांच्या लाडक्या झाडांकडे घेऊन गेले. खरंच दणकट झाडं होती, खोड मनगटाएवढं नाही पण अंगठ्याच्या दुपटीएवढं सहज, वर नवी पालवी भरून आलेली. पण मी पालवीकडे बघूनच थांबलो. एका झाडाची पालवी तांबूस, शेजारच्याची गुलाबीसर, पुढच्याची जवळजवळ पोपटी. आता कलमाच्या बागेत असं होत नाही. केसरची कलमं म्हणजे सगळी एकाच जातीच्या काडीची, एकाच वेळी फुटली तर पालवीचा रंग, पानाची ठेवण सगळीकडे साधारण सारखीच पाहिजे. दोन-तीन झाडांची पानं चुरगाळून वास घेतला तर वासही वेगवेगळा. मग त्या सुस्त म्हटलेल्या झाडांकडे गेलो, ती कमरेएवढीच, पण पालवी सगळ्यांची एकसारखी.

मी विचारलं, "नाना, जोड कुठंय?"

ते म्हणाले कसला जोड. म्हटलं कलमाचा, खुंट आणि काडी जिथे जोडतात ती गाठ, लावताना जमिनीच्या वर वीतभर दिसत असेल. त्यांना आठवेना. खोडाला मातीची चांगली भर लावलेली होती, म्हणजे पावसाचं पाणी खोडापाशी साचू नये म्हणून, आणि ते त्या पट्ट्यात बरोबरच आहे, पाऊस दाबून पडतो तिकडे. पण भर इतकी की जोड मातीत गडप. मी खुरपं बाजूला ठेवलं आणि हातानेच माती काढायला लागलो, कारण खुरप्याने साल दुखावते आणि मग तिथूनच बुरशी शिरते.

चार-पाच बोटं माती निघाली आणि खाली एक वाळलेला काळा ठोंब लागला, करंगळीएवढा. त्याच्या बुडाशी कलमाची प्लॅस्टिकची पट्टी अजून गुंडाळलेली, धुळीने पिवळी पडलेली. आणि त्या पट्टीच्या खाली दोन बोटांवरून, बाजूने, एक जाडजूड हिरवं खोड वाकून वर निघालेलं, तेच हे नानांचं एक नंबर झाड. ठोंब अंगठ्याने दाबला तर मटकन मोडला. तो ठोंब म्हणजे केसर होता. वर जे डोलत होतं ते खुंटाचं फुटवं, रायवळ म्हणजे गावठी कोयीचं.

नाना बघतच राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हे केसर नाही?" मी नाही म्हणून सांगितलं. असं काही सांगायचं म्हणजे फार जड जातं, कारण माणसाने दोन वर्षं पोटच्या पोरासारखी झाडं जपलेली असतात. पण सांगावंच लागतं. नाही सांगितलं तर कोयीचं झाड सात-आठ वर्षांनी फळ देणार, ते आंबट निघणार की रेषाळ की गोड, कोणाला माहीत, प्रत्येक कोय वेगळी. आणि नाना सदुसष्ट वर्षांचे.

मग उलगडत गेलं. लागवडीनंतरच्या पहिल्या मे महिन्यात विहिरीवरची मोटार जळाली होती, दुरुस्त होईपर्यंत झाडांना पाणी नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात कलमाला पाण्याचा खंड सहन होत नाही, मुळं अजून वरच्या थरातच असतात, मुरमाड जमीन तापते. वरची काडी वाळली. खुंटाचं मूळ मात्र चिवट, रोहिणीचा पाऊस पडल्यावर जोडाच्या खालून फुटलं. नानांनी हिरवं बघितलं, म्हणाले जगली, आणि आनंदाने माती लावली, खत दिलं, बांबू बांधला. यात नानांची काही चूक मी धरत नाही. रोप देणाऱ्याने एक वाक्य सांगायला पाहिजे होतं की जोडाच्या खालची फूट दिसली की कोवळी असतानाच बोटाने मोडायची. एवढंच. हे कुठल्याही नर्सरीत पाच सेकंदाचं काम आहे.

नानांकडे कामाला एक मामा आहेत, पेठ तालुक्याकडचे, गेल्या वर्षापासून तिथेच राहतात. ते इतका वेळ गप्प उभे होते, मग हळूच म्हणाले, "मला वाटलं होतं मालक, ह्यो आंबा येगळा हाये म्हणून. आमच्या सासऱ्याच्या वाडीत केसर हाये, त्येचं पान असं नसतंय." पेठ-सुरगाण्याकडे बायफ या संस्थेच्या वाडी कार्यक्रमातनं बऱ्याच घरांनी आंबा-काजू लावलेत, तिथल्या माणसाला आंब्याचं पान ओळखता येतं. नानांनी विचारलं मग बोलला का नाही रे. मामा म्हणाले, तुम्ही लई खूश होता. मला तर वाटलं अशा माणसाला मालकाने रविवारी आल्या आल्या पहिल्यांदा विचारावं, बाबा, झाडं काय म्हणतात.

आम्ही तिघांनी मग सगळ्या चाळीस झाडांची बुडं उघडी केली. वेळ गेला, पण घाई करण्यासारखं कामच नव्हतं ते. सतरा झाडं पूर्ण गावठी निघाली. उरलेली तेवीस केसर, म्हणजे नाना ज्यांच्यासाठी टॉनिक मागत होते नेमकी तीच! ती सुस्त का होती तेही तिथेच दिसलं. काहींना जोडाखालून एक-दोन फुटवे होते, खाल्लेलं सगळं तेच ओढत होते. पाच-सहा झाडांना कलमाची पट्टी सोडलेलीच नव्हती, खोड जाड होत गेलं आणि पट्टी सालीत रुतली, वर-खाली फुगलेलं आणि मधे कंबर आवळल्यासारखी खाच. पट्टी ब्लेडने उभी चिरून हळू सोडवली. दोन झाडांना ओल्या पाल्याचं आच्छादन अगदी खोडाला चिकटवलेलं, त्यातनं वाळवीच्या मातीच्या नळ्या वर चढलेल्या. आच्छादन पाहिजेच, उन्हाळ्यात तर जीव वाचवतं, पण खोडापासून वीतभर लांब, गोल बांगडीसारखं. नळ्या खरवडल्या, साल कुजलेली नव्हती हे नशीब. मोरचूद आणि चुना एकेक किलोला दहा लिटर पाणी या हिशोबाने बुरशीविरुद्धची बोर्डो पेस्ट करायची, लावायची कशी हे मामांना दाखवलं आणि पाऊस उघडल्यावर खोड कोरडं असताना लावा म्हणून सांगितलं.

आता गावठी सतरांचं काय? नाना म्हणाले उपटून टाकू, नवीन कलमं आणू. मी ठामपणे नको म्हटलं. दोन वर्षांचं मूळ आहे ते, मुरमात खोल गेलंय, त्याची किंमत नवीन पिशवीतल्या रोपाला येणार नाही. पिशवीतलं मूळ गोल फिरलेलं असतं, त्याला सुटायलाच वर्ष जातं. त्यापेक्षा इथेच, जागेवर कलम करू. जुलै आहे, हवेत ओल आहे, पालवी कोवळी आहे, याच्यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला.

नर्सरीत फोन केला. आमच्या मातृवृक्षांवर काड्या तयारच होत्या, कारण कलम बांधायच्या आठ-दहा दिवस आधी आम्ही काडीवरची पानं कापून फक्त देठ ठेवतो, देठ गळून पडले आणि डोळा फुगला की काडी तयार. एक पोरगा ओल्या गोणपाटात गुंडाळून काड्या घेऊन मोटरसायकलवर आला, तोवर काकूंनी पिठलं-भाकरी खाऊ घातली आणि पाऊसही उघडला.

जिथे तांबूस कोवळी फूट काडीच्याच जाडीची होती ती नऊ झाडं त्या दिवशी बांधली. नानांना जवळ बसवून एक पूर्ण दाखवलं. फुटीचा शेंडा सपाट कापला, वरून खाली मधोमध दीड इंच चीर दिली. काडीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढाच तासून पाचर केली, एकाच ओढीत, चाकू परत परत फिरवला की काप खडबडीत होतो आणि मधे हवा राहते. पाचर चिरेत बसवली. इथे एकच गोष्ट जपायची, काडीची साल आणि खुंटाची साल निदान एका बाजूने तरी तंतोतंत जुळली पाहिजे, कारण जोड जो होतो तो सालीच्या लगेच आतल्या हिरव्या थरातून होतो, मधल्या लाकडातून नाही. मग खालून वर घट्ट पट्टी, आणि काडीवर बर्फाच्या पेप्सीची असते तशी लांबट पिशवी टोपीसारखी घालून खाली बांधायची, आत ओल टिकते आणि पावसाचं पाणी जोडात जात नाही. नाना चष्मा वर करून बघत होते. तिसऱ्या झाडाला म्हणाले मी पट्टी गुंडाळू का. गुंडाळली, मास्तरांचा हात, अगदी नीटनेटकी.

पाच झाडांची फूट जून, टणक झाली होती, तिथे त्याच दिवशी बांधून उपयोग नव्हता. ती गुडघ्याच्या वर कापली, कापलेल्या जागी पेस्ट लावली, नवीन फूट आली की तिच्यावर बांधू म्हटलं. राहिली तीन. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "सगळी केसर कशाला? लोणच्याला कैरी लागती ना गावठी. बांधावरची तीन राहू द्या." एकदम बरोबर बोलल्या. लोणच्याला आंबट, घट्ट कैरीच पाहिजे, आणि रायवळ झाडं आता कमीच होत चाललीत आपल्याकडे. तीन तशीच ठेवली.

निघण्याआधी बाकीची झाडं बघून घेतली, कारण नानांना आता प्रत्येक झाडाची शंका यायला लागली होती. कागदी लिंबू बहुतेक बियांपासूनच करतात, त्यांचंही तसंच होतं, तिथे जोडाचा प्रश्नच नाही. पेरू गुटीचा होता, म्हणजे झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेला, तोही बुडापासून पेरूच, तीच जात. चिकूत मात्र एक सापडला. चिकूचं कलम खिरणीवर करतात, खिरणीचं पान वेगळं, झाड वाढायला फार सावकाश, आणि या झाडावर अर्धी फांदी चिकू आणि अर्धी खिरणी अशी चाललेली. खिरणीची फांदी बुडातून काढली. तिथे नानांनीच आधी ओळखलं, मी काही बोललो नव्हतो, पान हातात घेऊन म्हणाले हे त्यातलंच ना? मला एवढं बरं वाटलं.

ऑगस्टमध्ये परत गेलो तेव्हा नऊपैकी सात कलमं फुटलेली होती, पिशव्यांच्या आत कोवळी पालवी दाबून बसलेली. पिशव्या संध्याकाळी काढल्या, भर उन्हात काढल्या तर ती कोवळी पानं एका दुपारात करपतात. दोन वाया गेली ती आणि कापलेली पाच, अशी सात पुन्हा बांधली, त्या वेळी त्यातली दोन मामांनी बांधली आणि त्यांची दोन्ही लागली. रोज सकाळी एक फेरी मामांची, जोडाखाली फूट दिसली की मोडायची, हे ठरलंय. सुस्त तेवीसमध्ये पट्टी सोडल्यानंतर पहिल्याच पावसात नवीन फूट आली, एकही टॉनिक दिलं नाही.

आता वाद चालूय तो मोहोराचा. जागेवर बांधलेल्या कलमाला खालून मुळाचा जोर असतो, काडी मोठ्या झाडावरची असते, त्यामुळे पहिल्याच थंडीत मोहोर यायची शक्यता असते. मी नानांना सांगून ठेवलंय, आला की लगेच खुडायचा, अजून दोन वर्षं तरी फळ धरायचं नाही, आधी फांद्या होऊ द्या. नाना म्हणतात एका झाडाला एकच आंबा ठेवतो, नातवाला दाखवायला. मी नाही म्हटलं. काकू म्हणाल्या त्यांच्याकडे लक्ष देऊ नको, मी खुडते.