तुम्ही विचारलंत म्हणून : सिरपूरला बदकांचे नळे का नाही लावत?

"काकू, तुम्ही कॅनडात बदकांना घरटी करून देता म्हणे. मग आपल्या सिरपूरला का नाही लावत?"

सकाळी इथे इंदूरला सिरपूर तळ्यावर फिरायला जाणारे विचारतात, सुदामा नगरात किराणा घेताना शेजारणी विचारतात, मागच्या महिन्यात रामबागेतल्या एका मुंजीत तर हातात पंगतीचं ताट असताना दोघींनी विचारलं. उभ्या उभ्या उत्तर देते, पण ते अर्धवट राहतं. म्हणून एकदा नीट लिहिते.

माझा मुलगा कॅनडात, मॅनिटोबातल्या ब्रँडन गावी असतो. लोक मुलांकडे उन्हाळ्यात जातात, मी सहा वर्षांपासून फेब्रुवारीत जाते आणि एप्रिलच्या मध्यावर परत येते. कारण नळे, म्हणजे बदकांना अंडी घालायला पाण्यावर बसवलेली जाळी-गवताची घरटी, लावायचे दिवस तेच. तिथून उत्तरेला मिनेडोसाकडे गेलं की शेतांमध्ये जिकडेतिकडे लहान लहान तळी दिसतात. हिमयुगातले बर्फाचे थर वितळून मागे सरकले तेव्हा राहिलेले हे खळगे. वसंतात त्यांच्यावर मॅलार्ड बदकं उतरतात, नराचं डोकं हिरवं चमकदार, मादी साधी तपकिरी.

नळा करायला अवघड नाही. तीन फूट रुंद आणि सात फूट लांब जाळी घ्यायची, वेल्ड केलेली, जस्ताचा मुलामा असलेली. एका टोकाकडून गुंडाळत एक फूट व्यासाचा नळा करायचा. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे पहिल्याच दिवशी हिशेब मांडला : आतल्या वेढ्याला तीन फूट पावणेदोन इंच जाळी जाते, उरलेली पावणेचार फुटांहून थोडी जास्त. ती आतल्या नळ्याभोवती गुंडाळली की दोन वेढ्यांत जेमतेम दीड इंचाची फट राहते. त्या फटीत गवत भरायचं. गुंडाळतानाच पसरत जायचं, नंतर कोंबलं तर एका जागी गोळा होतं. तिथे जवसाचा काड वापरतात, तो चिवट असतो, लवकर कुजत नाही. पहिल्यांदा तो काड हातात घेतला तेव्हा आईचे अळशीचे लाडू आठवले. दाणा आपण खातो, काड तिथे बदकाच्या भिंतीत जातो. कडेच्या तारांची टोकं पक्कडीने बाहेर वळवायची, आत एकही टोक राहता कामा नये. मादी चार आठवडे आत बसणार असते.

मग नळ्याच्या तळाशी सुटं वाळलं गवत अंथरायचं. हे विसरलात तर सगळी मेहनत वाया. सुगरण चोचीत पात्या आणून घरटं विणते, बदक तसं करत नाही. बसल्या जागी चोचीच्या टप्प्यात असेल तेवढंच ओढून घेते, अंगाने दाबून खळगा करते आणि स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपटून त्यात घालते. नळ्यात गवत नसेल तर ती दुसरीकडून आणणार नाही, निघून जाईल. दर हिवाळ्यात जुनं काढून नवं भरावं लागतं ते यासाठीच. नळे लावून फोटो काढणारे पुष्कळ, तिसऱ्या वर्षी गवत बदलायला येणारे थोडे. ज्याला दरवर्षी जमणार नाही त्याने लावूच नयेत, असं माझं मत आहे.

आम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये लावतो ते तळं गोठलेलं असतं म्हणून. होडी लागत नाही, चालत जायचं. बर्फाला गिरमिटाने भोक पाडायचं, त्यातून लोखंडी पाइप सोडायचा आणि घणाने तळाच्या चिकणमातीत ठोकायचा. उथळ ठोकला तर वसंतात बर्फ हलताना पाइपला वाकवतो, कधी उपटूनही काढतो. पाण्यापासून तीन फूट उंचीवर नळा आडवा बसवायचा, दोन्ही तोंडं उघडी. उणे वीसमध्ये तार पिळताना हातमोजा काढला की बोटं दुखायला लागतात, घातला की तार सापडत नाही. माझा नातू तेव्हा पक्कड धरून उभा असतो आणि "आजी, आता मी" म्हणत राहतो.

आधी मागच्या वर्षीचे नळे तपासायचे. हे काम मला सगळ्यात आवडतं. जुन्या गवतात हात घातला की कवचाचे तुकडे लागतात. आतला पातळ पापुद्रा कवचापासून सुटा होऊन चामड्यासारखा पडलेला असेल तर पिल्लू बाहेर पडलं. पापुद्रा कवचाला चिकटलेलाच असेल तर अंडं कुणीतरी खाल्लं. एका वर्षी मी जूनपर्यंत राहिले होते, तेव्हा पिल्लं निघतानाही पाहिलं. अंड्यातून बाहेर येऊन एक दिवसही झाला नसेल. आई पाण्यावर उतरून हाका मारत होती आणि वरून एकेक पिल्लू कडेला येऊन टुपकन पाण्यात पडत होतं. नऊ मोजली.

आता हे नळे तिथे लागतात कशाला? मॅलार्ड खरं तर जमिनीवर, गवतात घरटं करते. पण तिथली गवताळ माळरानं नांगराखाली गेली. उरलेल्या गवताच्या पट्ट्यांत कोल्हे, स्कंक, रकून यांना अंडी शोधायला कष्ट पडत नाहीत. सगळीकडे शेतीच शेती असलेल्या काही भागांत जमिनीवरच्या शंभर घरट्यांपैकी दहांतूनसुद्धा पिल्लं बाहेर पडत नाहीत. मॅलार्डची संख्या टिकायची तर शंभरातल्या पंधरा घरट्यांतून तरी पिल्लं निघावी लागतात. पाण्यावरच्या नळ्यांत हे प्रमाण साठच्याही वर जातं. डेल्टा वॉटरफाउल या संस्थेने तिथे हे नळे पसरवले, आणि गवत भरायला येणाऱ्यांत बरेचसे शिकारी असतात. सुरुवातीला ते मला पचत नव्हतं. पण आठवड्याची सुट्टी घालवून कडाक्याच्या थंडीत ती माणसं जे करतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. कल्पना तशी जुनी आहे. लंडनच्या सेंट जेम्स पार्कात पाण्याच्या थोडं वर पाणपक्ष्यांसाठी वेताच्या टोपल्या लावलेल्या होत्या, अशी १६६५ सालची नोंद आहे.

आता सिरपूरकडे येते. तुम्ही जानेवारीत तळ्याकडे बोट दाखवून विचारता, तेव्हा समोर पोहत असतात ती बहुतेक पाहुणी असतात. थापट्या, तलवार बदक, गडवाल, कधी चक्रवाकाची जोडी. मार्चपर्यंत ती निघून जातात आणि अंडी घालतात मध्य आशियात, सायबेरियात. सिरपूरला सोन्याचा नळा बांधला तरी थापट्या त्यात बसणार नाही. त्यांना आपल्याकडून खाणं, स्वच्छ पाणी आणि शांतता हवी. सिरपूर आणि इंदूरजवळचा यशवंत सागर, दोन्ही तलाव २०२२ च्या जानेवारीत रामसर स्थळं, म्हणजे जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळं, झाली, २०२५ मध्ये इंदूरला पाणथळ शहराचा मान मिळाला. त्यातलं पुष्कळसं श्रेय या पाहुण्यांचं.

इथेच राहून इथेच पिल्लं काढणारी बदकं वेगळी. पहिली हळदी-कुंकू. चोचीच्या टोकाला हळदीसारखा पिवळा, मुळाशी कुंकवासारखे दोन ठिपके. नाव ठेवणाऱ्या बाईने (बाईच असणार) किती नीट पाहिलं असेल. ही काठच्या दाट गवतात जमिनीवर घरटं करते. नकटा आणि छोटं काणूक झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. अडई ढोलीत, झाडावरच्या जुन्या घरट्यात, कधी गवतातही. आणि या सगळ्यांचा हंगाम म्हणजे पावसाळा.

इथेच मी चुकले. देपालपूरकडे माझ्या धाकट्या भावाची शेती आहे, त्यात एक तलाई, म्हणजे लहान तळं. चार वर्षांपूर्वी मेमध्ये मी हौसेने तिथे एक नळा लावला. मॅनिटोबात बर्फावरून चालत जायचे, इथे भेगाळलेल्या तळावरून चालत गेले. मधे डबकं उरलं होतं, त्याच्या पाण्यापासून मोजून तीन फूट उंची ठेवली. भाऊ म्हणाला, "ताई, पाणी पार वर येतं गं." मी म्हटलं, बघू. ऑगस्टमध्ये नळा पाण्याखाली होता. आत अंडी नव्हती एवढंच नशीब. असती तर ती माझ्या हातून बुडाली असती, आणि हे मी आजही विसरत नाही.

मॅनिटोबात बर्फ वितळून वसंतात तळी भरतात, मग उन्हाळाभर पाणी उतरत जातं. मादी बसते तेव्हा पाणी सर्वात वर असतं, पुढे बुडायची भीती फारशी नाही. माळव्यात उलटं. मादी बसते तेव्हाच पाणी चढत असतं. दुसऱ्या वर्षी मी पूर्ण भरलेल्या पाण्याची खूण धरून नळा वर नेला. जुलैत तो पाण्यापासून सात फूट उंच, उघड्यावर लटकत होता. वर कावळा बसायचा आणि साळुंक्यांनी आतलं गवत ओढून नेलं. मग काढून टाकला.

तराफा केला तर पाण्याबरोबर वर येईल ना, असंही एकाने सुचवलं. येईल. पण हळदी-कुंकवाला नळ्याची गरजच आहे का, हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. तिची अडचण पाण्यात नव्हतीच, बांधावर होती. भाऊ दरवर्षी मेमध्ये तलाईच्या बांधावरचं वाळलं गवत जाळायचा आणि पावसात उगवलेलं नवं ऑगस्टमध्ये म्हशींसाठी कापायचा. राखणीची दोन कुत्री दिवसभर तिथे मोकळी. नकट्यासाठी म्हणाल, तर काठावर ढोली असलेला एक जुना अर्जुन होता, तो "पोकळ झालाय" म्हणून आधीच्या वर्षी तोडला होता. तो गेला तो गेलाच. ढोली पडायला झाडाचं अर्धं आयुष्य जातं.

म्हणून सिरपूरला जाळी आणि पाइप घेऊन मी जात नाही. रामसर जागेत परवानगीशिवाय काही ठोकता येत नाही हे एक, आणि तिथे मागायचं ते वेगळंच आहे : जुनी पोकळ झाडं राहू द्या, काठाचा थोडा तुकडा जून ते ऑक्टोबर कापू नका, तिथे दगडी पायवाट नको, भटकी कुत्री आत येऊ देऊ नका. सुशोभीकरणाची बैठक असेल तेव्हा मला बोलवा, मी नक्की येईन. नळा पाहायचाच असेल तर घरी या, एक करून ठेवलाय, हातात घेऊन बघा.

भावाकडे मी एवढंच मागितलं : बांधाचा वीस फुटांचा पट्टा जाळू नकोस, सोयाबीन काढायच्या वेळेपर्यंत कापू नकोस आणि कुत्री पावसाळ्यात वाड्याशी बांध. पहिल्या वर्षी काही झालं नाही. गेल्या सप्टेंबरच्या शेवटी गवत कापताना त्याचा फोन आला.

"ताई, इथे गवतात खळगा आहे. पिसं आहेत, कवचं आहेत."

"पापुद्रा चिकटलाय की सुटा आहे?"

तो खाली बसल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ काहीच नाही.

"सुटा आहे," तो म्हणाला. "सगळ्यांचा सुटा आहे. थांब, मोजतो."